एकट्याने निघावे की मंडळींबरोबर? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या प्रवाशांसाठी

आपल्याकडे प्रवासाचा बेत 'कोण कोण येणार?' या प्रश्नाने सुरू होतो. कुठे जायचे, किती दिवस, कोणत्या महिन्यात, हे सगळे मागाहून येते. आधी वहीत नावे चढतात. याचे कारण जुने आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला, जोतिबाला, पंढरपूरला आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गल्लीने, गावाने, भावकीने गेली आहेत, आणि एकटा निघालेला माणूस दिसला की घरात काहीतरी बिनसले असावे, अशी शंका शेजारी आजही घेतात. पुण्या-बंगळूरला नोकरीस गेलेली मुले मात्र दुसऱ्या टोकाला पोहोचली आहेत. त्यांच्या लेखी सोबत म्हणजे निव्वळ कटकट. या दोन्ही सवयी झाल्या. त्यांत विचार करून घेतलेला निर्णय कुठे दिसत नाही. बरीच वर्षे दोन्ही प्रकारे फिरल्यावर माझे मत असे झाले आहे की, 'मी एकटा फिरणारा की मंडळींत रमणारा' हा प्रश्न मुळातच फारसा कामाचा नाही. प्रवासाचे टप्पे पाडावेत आणि प्रत्येक टप्प्याला सोबत लागते की नाही, हे वेगवेगळे ठरवावे. एकाच सहलीत दोन दिवस मंडळींबरोबर आणि एक दिवस एकट्याने, असे करण्यास कोणाचीही हरकत नसते. फक्त ते निघण्यापूर्वी ठरलेले असावे लागते.

प्रथम कागदावर टप्पे पाडा

बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे या दोन दिवसांच्या सहलीचे उदाहरण घेऊ, कारण आपल्या भागातून ती वर्षभर होत असते. बेळगावहून बदामी सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. हा पहिला टप्पा. बस बदलत किंवा हुबळी-गदगमार्गे रेल्वेने तो एकट्याला सहज जमतो. फक्त बदामीचे स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर दूर आहे, हे लक्षात ठेवावे. दुसरा टप्पा बदामीच्या लेण्यांचा. तेथे चार लेणी आहेत आणि तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा शिलालेख आहे. या टप्प्याला सोबत लागत नाही, उलट ती आड येते. त्या लेण्याच्या पडवीत शेषावर बसलेल्या विष्णूसमोर मी एकदा नीट उभा राहतो न राहतो तोच खालून हाका सुरू झाल्या. आमच्यातल्या एका काकूंच्या हातातली केळ्यांची पिशवी माकडाने पळवली होती आणि सगळ्यांना आता जेवायला जायचे होते. तिसरा टप्पा पट्टदकल आणि ऐहोळेचा. पट्टदकलची मंदिरे १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि ती बदामीपासून बावीसेक किलोमीटरवर आहेत. ऐहोळे त्याच्या पुढे. बस आहेत, पण त्या आपल्या सोयीने धावत नाहीत, त्यामुळे दिवसभराची रिक्षा ठरवावी लागते आणि तेथे एकट्याचे पाकीट चांगलेच हलके होते.

म्हणजे एकाच सहलीत पहिला टप्पा कसाही चालेल, दुसरा एकट्याने बरा आणि तिसऱ्याला तिघे-चौघे हवेत. कागदावर प्रत्येक टप्प्यासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: वाहन आपल्या हातात आहे की भाड्याने घ्यावे लागणार, अडचण आल्यास हाकेच्या अंतरावर कोणी असेल का, आणि तेथे आपल्याला रेंगाळायचे आहे की उरकायचे आहे. या तीन उत्तरांतून निम्मा निर्णय आपोआप होतो.

खर्चाचा हिशेब माणशी मांडा, आणि एक माणूस गळाला असे धरूनही मांडा

मंडळींबरोबर गेल्याने स्वस्त पडते, असे सरसकट म्हटले जाते. भाड्याच्या गाडीपुरते ते खरे आहे. समजा, गाडीचा दर किलोमीटरला १४ रुपये आहे आणि मालकाने दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरण्याची अट घातली आहे. दोन दिवसांचे ६०० किलोमीटर, म्हणजे ८,४०० रुपये. चालकाचा भत्ता रोज ५०० प्रमाणे १,०००. टोल व पार्किंगचे ४०० धरले तर एकूण ९,८०० रुपये झाले. चौघांत माणशी २,४५० रुपये येतात. आदल्या रात्री एकाने 'पाहुणे आले हो' म्हणून फोन केला की उरलेल्या तिघांवर माणशी ३,२६७ रुपये पडतात, म्हणजे प्रत्येकाला आठशेहून अधिक रुपयांचा फटका. हा फटका कोणी सोसायचा, हे आपल्याकडे कधीच आधी बोलले जात नाही. नंतर मात्र लग्नकार्यात ते वर्षानुवर्षे निघत राहते. म्हणून गाडीचे पैसे वाहनाच्या आगाऊ रकमेबरोबरच सगळ्यांकडून जमा करावेत आणि ऐनवेळी न येणाऱ्याचा गाडीचा वाटा परत मिळणार नाही, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावे. जेवणा-राहण्याचा वाटा परत करण्यास काही हरकत नाही.

राहण्याच्या खर्चात एकट्याचे नुकसान होते ते वेगळ्या कारणाने. सहल कंपन्यांच्या पत्रकातील दर बहुधा एका खोलीत दोघे धरून दिलेला असतो. एकट्याला त्यावर जादा आकार पडतो आणि तो ठळक अक्षरांत छापलेला नसतो. 'दुसऱ्या एकट्या प्रवाशाबरोबर खोली वाटून मिळेल का?' असे विचारावे, पुष्कळदा मिळते. धर्मशाळा, भक्तनिवास आणि लहान लॉज यांचा प्रकार निराळा आहे. तेथे कित्येकदा एकट्या माणसाला खोली देतच नाहीत. एका तीर्थक्षेत्री रात्री साडेनऊ वाजता काउंटरवरच्या गृहस्थांनी 'सिंगल? नाही हो' एवढेच म्हणून रजिस्टर मिटले होते आणि मी हातात आधार कार्ड धरून तसाच उभा राहिलो होतो. तेव्हापासून एकट्याने जाताना पहिल्या रात्रीची खोली फोनवर 'मी एकटाच आहे' असे शब्दशः सांगून ठरवल्याशिवाय मी घर सोडत नाही. पुढच्या रात्रींचे तेथे गेल्यावर पाहता येते.

रेल्वेचे नियम कोणाच्या बाजूचे आहेत, ते पाहा

याचा विचार फार थोडे लोक करतात. रेल्वेच्या एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा जणांची नावे येतात आणि तत्काळमध्ये चारच. म्हणजे नऊ जणांची टोळी तत्काळवर विसंबली तर तीन वेगळी तिकिटे काढावी लागतात. त्यांतील एक पक्के, एक प्रतीक्षा यादीत आणि एक हातचे गेलेले, असे होणे अगदी शक्य आहे. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती), त्यामुळे मोठ्या मेळाव्याने तारीख ठरवायला लावलेला प्रत्येक दिवस महागात पडतो. एकट्याला ही घाई नसते, कारण एखादी जागा कुठूनतरी मिळून जाते.

ज्येष्ठांच्या बाबतीत तर नियम उघडपणे एकट्या-दुकट्याच्या बाजूचा आहे. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी राखून ठेवलेल्या खालच्या बर्थचा कोटा त्यांनी एकट्याने किंवा दोघांनी मिळून तिकीट काढले तरच लागू होतो. आजी-आजोबांना नातवंडांसह एकाच तिकिटावर घालण्याची आपली पद्धत असते, आणि मग आजोबांना मधला बर्थ आला म्हणून रेल्वेला दोष दिला जातो. आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढून तोच डबा मिळतो का, हे पाहावे. केवळ स्त्रियाच निघाल्या असतील, तर लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या शयनयान वर्गात स्त्रियांसाठी सहा बर्थचा वेगळा कोटा असतो आणि तो एकटीलाही मिळतो, स्त्रियांच्या गटालाही. पुरुष प्रवाशाचे एक नाव त्याच तिकिटावर घातले की तो हातचा जातो.

बस, सीमा आणि शून्य रुपयांचे तिकीट

कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजना सुरू आहे. राज्यातील रहिवासी स्त्रियांना राज्य परिवहनाच्या साध्या व एक्स्प्रेस बसमधून राज्यांतर्गत प्रवास विनामूल्य आहे. राजहंस, ऐरावत, स्लीपर अशा आरामगाड्या त्यात येत नाहीत. कर्नाटकचा पत्ता असलेले ओळखपत्र दाखवले की शून्य रुपयांचे तिकीट मिळते. खानापूरच्या एखाद्या बाईंना एकटीने कित्तूर, सौंदत्ती किंवा गोकाकचा धबधबा पाहून संध्याकाळी परतायचे असेल, तर येण्याजाण्याला पैसाही लागत नाही. गोकाकचा धबधबा ५२ मीटर उंचीचा आहे आणि पावसाळ्यात, दिवसाउजेडी, तेथे माणसांची वर्दळ असते. एकटीने पहिली सहल करायची, तर यापेक्षा बरे ठिकाण मला सुचत नाही. हीच सवलत भिशीच्या बारा जणींनी मिळून वापरायची म्हटली की गणित बदलते. पौर्णिमेच्या सुमारास सौंदत्तीच्या बसमध्ये बारा जणींना बसायला जागा मिळणे कठीण. मग दोघी पुढे, तिघी मागे आणि उरलेल्या पुढच्या बसमध्ये. यात्रेच्या दिवसांत मेळाव्याने जायचे असेल, तर फुकटच्या बसचा मोह सोडून वाहन ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सवलत सीमेपर्यंतच आहे, हे निपाणीकरांना सांगायला नको; कोल्हापूरच्या बसला पैसे मोजावेच लागतात. सीमाभागात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट धरून चालावी. भाषेवरून वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बस सीमेवर थांबवल्या जातात, आणि ते कोणत्या दिवशी होईल याचा नेम नसतो. असे झाल्यास एकटा माणूस पाठीवर पिशवी टाकून रेल्वेचे पाहतो किंवा मुक्काम वाढवतो. चौदा जणांच्या गाडीतील लोकांना मात्र पुढचा निर्णय घेण्यास दोन तास लागतात, आणि त्यातही शेवटी चालक सांगतो तसेच होते.

भाड्याच्या वाहनाबद्दल दोन कठोर गोष्टी सांगतो. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पैसे देऊन नेऊ नये; अपघात झाल्यास विम्याची रक्कम अडकण्याची पूर्ण शक्यता असते. पिवळ्या पाटीची गाडी घ्यावी आणि महाराष्ट्रात किंवा गोव्यात जायचे असल्यास तिच्याकडे तेथील परवाना आहे का, ते कागद पाहून ठरवावे, मालकाच्या तोंडी शब्दावर नव्हे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून यात्रेला माणसे नेण्याची रीत अजून संपलेली नाही. तिच्याबद्दल परंपरा म्हणून कितीही माया वाटली, तरी ती बेकायदा आहे आणि उतारावर ट्रॉली उलटल्यावर तिला कोणताच विमा नाही.

रान आणि पाऊस: येथे एकट्याने जाऊ नये

बाकी सर्व ठिकाणी मी 'ज्याची त्याची सोय' म्हणेन, येथे म्हणणार नाही. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, आमगाव आणि भीमगडचे अभयारण्य, हा दाट रानाचा आणि प्रचंड पावसाचा मुलूख आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. चोर्ला घाटाच्या रस्त्यावर मोबाइलची रेंज मैलोन्‌मैल नसते, रानात अस्वले आहेत, पावसाळ्यात जळवा पायांवर चढतात आणि ओढ्याचे पाणी अर्ध्या तासात गुडघ्यावरून कमरेपर्यंत येते. अशा ठिकाणी किमान तिघे असावेत. एकाचा पाय मुरगळला, तर दुसरा त्याच्यापाशी बसतो आणि तिसरा वस्तीपर्यंत जाऊन माणसे आणतो. दोघेच असले की जखमीला एकटे टाकून जावे लागते. सहाच्या वर गेले की मात्र पुढचे आणि मागचे यांची गाठ पडत नाही. त्याहून मोठा गट असेल, तर सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवून वाट जाणणाऱ्या एकाने शेवटी चालावे. वनखात्याची परवानगी आणि त्या हंगामातील बंदी याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी, कारण पावसाळ्यात धबधब्यांवर जाण्यास मनाई होत असते. कॅसलरॉककडून रुळांवरून चालत दूधसागरला जाणे हा तर गुन्हाच आहे, मग सोबत पन्नास जण असोत.

मंडळी ठरवताना

कोणाबरोबर जायचे, यावर मैत्रीचा फारसा उपयोग होत नाही. जिवलग मित्र सकाळी दहाला उठणारा असू शकतो. सोबत्याची पारख करायला तीन साधे प्रश्न पुरतात: तुम्ही किती वाजता उठता, जेवणाची वेळ टळली तर चालते का, आणि एका जागी दोन तास थांबायला लागले तर काय करता? चौथा प्रश्न वयस्कांसाठी, तो संकोच न करता विचारावा: किती वेळाने गाडी थांबवावी लागते? मधुमेहाची गोळी घेणाऱ्या माणसाने हे स्वतःहून सांगितले तर फारच बरे, कारण गाडी वेगात असताना चौदा जणांदेखत 'जरा थांबवा' म्हणायला माणसे लाजतात आणि त्रास सोसत बसतात.

संख्या वाहनावरून ठरवावी. चार जण एका गाडीत, किंवा बारा-तेरा जण टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये. सात-आठ ही सर्वांत अडचणीची संख्या आहे, कारण ती एका गाडीत मावत नाही आणि मोठ्या गाडीत जागा रिकाम्या राहतात.

त्यानंतर दोन कामे दोन माणसांकडे द्यावीत. पैसे एकाकडे आणि वेळ दुसऱ्याकडे. दोन्ही एकाकडे दिली की तो हुकूमशहा तरी होतो किंवा सहलभर राबत तरी बसतो. वेळ सांभाळणाऱ्याला गाडी सोडण्याचा खरा अधिकार असावा. हंपीला जाताना आमची गाडी पहाटे पाचला टिळकवाडीतून सुटायची होती. एका कुटुंबाची वाट पाहत आम्ही पावणेसातपर्यंत रस्त्यावर उभे होतो. दुधाच्या गाड्या आल्या, पेपरवाले आले, शाली पांघरलेली दोन मुले फूटपाथवरच पुन्हा झोपली. ते आले तेव्हा कोणी एक शब्द बोलले नाही आणि दुपारी जे पाहायचे राहिले, त्याचे खापर चालकावर फुटले. अर्धा तास थांबायचे, मग निघायचे आणि उशीर झालेल्याने स्वखर्चाने पुढच्या गावी गाठायचे, हा नियम आधी सांगितलेला असला तर तो वापरण्याची वेळच सहसा येत नाही.

सामाईक काय आणि खासगी काय, याची रेघ कुठे ओढावी, हे मला पंढरीच्या वाटेवरच्या दिंडीने शिकवले. दिंडीत मुक्काम, जेवण आणि सामानाचा ट्रक एवढे सामाईक असते. नियम ठरलेले असतात आणि निघण्याची वेळ कोणासाठी बदलत नाही. चालणे मात्र ज्याचे त्याचे. शेजारचा अभंग म्हणत असतो, आपण गप्प असलो तरी कोणी 'काय झाले?' विचारत नाही. सहलीतही रात्रीचा मुक्काम, रात्रीचे जेवण आणि वाहन हे सर्वांचे ठेवावे, आणि दिवसातले निदान तीन तास ज्याला जिथे जायचे तिथे जाण्यासाठी मोकळे सोडावेत. पुन्हा कुठे आणि किती वाजता भेटायचे, हे फोनवर सोपवू नये. 'अडीच वाजता देवळाच्या महाद्वारापाशी' असे बोलून ठेवावे.

एकट्याने जायचे ठरले, तर

पहिला प्रवास परदेशी-परप्रांती नको. एखाद्या रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडावर एकट्याने जाऊन दुपारपर्यंत तेथे राहावे. मग एक रात्र बाहेर काढावी लागेल असे ठिकाण निवडावे. दोन जेवणे एकट्याने बसून जेवता आली आणि संध्याकाळी खोलीवर गेल्यावर उदास वाटले नाही, तर पुढे जाण्यास हरकत नाही. उदास वाटले, तर त्यात कमीपणाचे काही नाही. दिवसा एकट्याने फिरून रात्री कोणाच्यातरी घरी किंवा गटात मुक्कामाला येणे, हा तुमचा प्रकार असेल.

घरच्या एका माणसाकडे मुक्कामांची नावे, तिकिटांची छायाचित्रे आणि रोज फोन करण्याची वेळ लिहून द्यावी. ठरलेल्या वेळेनंतर तीन तास फोन आला नाही तर कोणाला कळवायचे, हेही त्याच कागदावर असावे, म्हणजे घरचे उगाच घाबरणार नाहीत आणि खरोखर गरज पडल्यास वेळही वाया जाणार नाही. संकटात ११२ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक तोंडपाठ असावेत, कारण फोन हरवल्यावर दुसऱ्याच्या फोनवरून तेच लावता येतात. रोकड दोन ठिकाणी विभागून ठेवावी. अनोळखी गावी शक्य तो उजेडात पोहोचणारी बस धरावी, मग ती दोन तास आधी निघणारी का असेना.

आपल्यापैकी अनेकांना कन्नड बोलता येते, पण वाचता येत नाही. गटात कोणीतरी वाचणारा असतो म्हणून ते खपून जाते. एकट्याने राज्याच्या आतल्या भागात जाताना निदान आपल्या वाटेवरची पाच-सहा गावांची नावे आणि कन्नड आकडे ओळखता येतील, एवढी तयारी करावी. एका संध्याकाळचे काम आहे. नाही जमले, तर गावाचे नाव कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद वाहकाला दाखवावा.

परतीच्या वाटेवर

मंडळींबरोबर गेला असाल, तर हिशेब घरी पोहोचल्यावर करू नये. परतीच्या शेवटच्या चहाला, सगळे एकाच टेबलाशी असताना वही उघडावी, खर्च मोठ्याने वाचावा, ज्याचे निघते त्याला तेथेच द्यावे आणि ज्याच्याकडून यायचे त्याच्याकडून तेथेच घ्यावे. उरलेले पंचवीस-तीस रुपये चालकाला द्यावेत. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की प्रत्येकाला आपले गाठोडे आणि आपले घर दिसू लागते. मग कोणी वहीकडे पाहत नाही.